फाटकावरची तारीख

८ मार्च २००४

रायनाताई,

पत्र बघून दचकू नकोस, आई आहे अजून. पुलाच्या या टोकाकडून त्या टोकाला टपालानं पत्र पाठवणारी गावात मीच पहिली असणार. पोस्टाच्या खिडकीतली बाई म्हणालीसुद्धा, "अगं वेलिचका, चालत गेलीस तर तिकीट वाळायच्या आत पोचशील." मी म्हटलं, आमच्या घरात बोलायला मनाई आहे, लिहायला कुणी केलेली नाही. ती हसली. तिला हसायला काय जातंय!

कामाचं सांगते. आईच्या छातीत पाणी झालंय. प्लोव्दिवच्या डॉक्टरनं मला बाहेर बोलावून, आवाज खाली करून सांगितलं, उन्हाळा निघाला तर निघाला. आवाज खाली करून काय उपयोग? छत्तीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईचे कान आहेत ते, शेवटच्या बाकावरचं कुजबुजणं ऐकायची सवय. परत येताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझा कागद आधी लागता कामा नये."

कुणाच्या आधी, हे तुला सांगायला नको. या गावात दारांवर, खांबांवर, बसथांब्यावर, जिथं बघावं तिथं कुणाचं ना कुणाचं शोकपत्रक आहे. चाळीस दिवसांचं, वर्षाचं, वीस वर्षांचं. फोटो, क्रूस, जन्म, मृत्यू, खाली रडणाऱ्यांची नावं. पलीकडच्या म्हातारीनं तर कुत्र्याचं लावलं होतं. नायदेन आजोबांचं तेवढं नाही. कम्युनिस्टांच्या राज्यात लावू देत नव्हते, आणि ते गेल्यावर लावू द्यायला लागले तेव्हा घालायला तारीख नव्हती. आजी म्हणायची, तारखेशिवाय कागद लावणं म्हणजे जिवंत माणसाला पुरणं. ती तशीच गेली. आता आई म्हणते, "बापाच्या आधी लेकीचा कागद लागला, तर वर गेल्यावर त्याला काय तोंड दाखवू?" आणि तो लागायला हवा तो आजोबांच्या अबाजिएव घराच्या फाटकालाच, कारण माणूस ज्या दारातून गेला, कागद त्या दाराला लागतो. आता ते दार संग्रहालयाचं आहे, ते आपण पुढे बघू.

तुझ्या सासऱ्यांना तारीख माहीत आहे. चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात, नवं राज्य आलं तेव्हा, त्या फाटकावर बंदूक घेऊन तेच उभे होते. आता कुणावर खटला होणार नाही, कुणाला कुणाच्या हाडांशी घेणं नाही. कुणी मारलं, कुठं पुरलं, का, यातलं काही नको. आईच्या तोंडचे शब्द लिहिते, "मेतोदीला म्हणावं, फक्त तारीख दे."

विचारशील ना?

वेलिचका


२२ मार्च

ताई,

दोन आठवडे झाले. पुलावरून पत्र वाहून गेलं असं मी समजून चालते, कारण दुसरं काही समजले तर मला तुझा राग येईल, आणि राग आला की माझं अक्षर बिघडतं.

आई संग्रहालयात जाऊन आली. हो, आपली आई! शाळेची सहल आली की मुलांना फाटकातून आत सोडून स्वतः बाहेर पाणवठ्यापाशी पर्स धरून उभी राहणारी. मंगळवारी सकाळी कोट घालून तयार. म्हणाली, "कागद जिथं लावायचा ते दार आतून कसं दिसतं ते बघून येते."

तिकिटाच्या खिडकीत गिंका होती. तुझ्या मागच्या वर्गातली, तोतरं बोलायची ती. ती उठूनच उभी राहिली. "बाई, तुमच्याकडून कसलं तिकीट! जा ना आत."

आई म्हणाली, "फुकट आत जायला हे काय माझं घर आहे?" आणि तिकीट घेतलं. वर पावती मागितली.

मग बुटांवर चढवायच्या नमद्याच्या सपाता. जमीन खराब होऊ नये म्हणून. त्या आईला मोठ्या होत होत्या, त्यामुळे ज्या घरात ती रांगली त्या घरात ती बर्फावर चालल्यासारखी माझा दंड धरून घसरत होती. वरच्या दिवाणखान्यात त्यांनी कापडी माणसं बसवलीत. लोकरीच्या व्यापाऱ्याचं कुटुंब म्हणे. व्यापारी, बायको, आणि पिवळ्या वेणीची मुलगी. आईनं चष्मा लावून मुलीचं तोंड न्याहाळलं. "ही मी? नाक तरी बघा. या नाकावर मला कुणी ओळखलं असतं का?" गिंका आमच्या मागेमागे होती. तिला हसावं की नाही कळेना.

आणि एकाएकी आईनं आडवी बांधलेली दोरी उचलली आणि खिडकीखालच्या बैठकीवर जाऊन बसली.

"बाई, तिथं नका बसू हो," गिंका घाबरली. "वर कॅमेरा आहे. इल्चेवसाहेब ओरडतील."

"ओरडू दे. या बैठकीवर मी गोवर काढलाय."

भिंतीवर पाटी आहे. घर कुणी बांधलं, छताची नक्षी कुणी कोरली, सगळं आहे. शेवटी लिहिलंय, 'पुढे ही वास्तू राज्याच्या मालकीची झाली.' झाली. जसं काय पिकलं आणि पडलं.

त्या खिडकीतून फाटक दिसतं. आई खाली बघत होती. मग म्हणाली, "मी त्या बाजूला उभी असायचे." तुला तिनं हे कधी सांगितलंय का, मला माहीत नाही. मला तुकड्यातुकड्यानं सांगितलं होतं, असं सलग कधीच नाही. बारा सप्टेंबरला आजोबांना नेलं. म्हणजे नेलं कुठं? त्यांच्याच तळघरात. घर मिलिशियानं घेतलं, आजीला आणि आईला गल्लीपलीकडे आईच्या आत्याकडे हाकललं, आणि घराचा मालक घराखाली कोंडला. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी आई कडीचा डबा घेऊन या फाटकाशी यायची. आई बारा वर्षांची. फाटकावर मेतोदी, वीस वर्षांचा, टोपी कानांपर्यंत आलेली. तो डबा आत न्यायचा, थोड्या वेळानं रिकामा आणून द्यायचा. धुतलेला. आणि सोबत निरोप.

ते निरोप आईला रोजच्या प्रार्थनेसारखे पाठ आहेत, ताई. पहिल्या दिवशीचा, 'आवडलं, उद्या पण आण.' मग एकदा, 'मीठ कमी पडलंय.' 'आईला म्हणावं, रडू नको.' 'घेवडा पुरे, काहीतरी मांसाचं बघा.' आणि शाळा सुरू झाली तेव्हा, 'शाळा सोडू नकोस, तू मास्तरीण हो.' हा शेवटचा म्हणताना तिचा आवाज वर्गात असायचा तसा झाला. डिसेंबरात संत निकोलासच्या दिवशी डबा भरलेलाच परत आला. 'त्यांना दुसरीकडे हलवलं.' मग काहीच नाही.

"तो मेतोदी नसता," आई म्हणाली, "तर मला तेवढंही मिळालं नसतं. तुझ्या बहिणीनं त्याच्या पोराशी लग्न केलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, मी त्याला शाप देईन. मी त्याला काही बोलले नाही. त्याचे माझ्यावर उपकार आहेत. पण त्याच्या खांद्याला बंदूक होती, त्या घरात मी लेक देणार नव्हते. मी दिली नाही. ती गेली."

उतरताना गिंकानं विचारलं, तळघर बघायचंय का, तिथं पिंपं आहेत, वाइन कशी करायचे ते दाखवलंय. आई म्हणाली, नको, मला जिने चढवत नाहीत. जिने तर आम्ही आत्ताच उतरलो होतो.

ताई, विचार गं.

वेलिचका


५ एप्रिल

ताई,

पत्र मिळालं. दोन ओळी! सव्वीस वर्षांनंतर दोन ओळी, त्यातही एक हवामानाची. पण तारीख आहे. सहा डिसेंबर एकोणीसशे चव्वेचाळीस.

मला एक सांग, हे त्यांनी सांगितलं का? तोंडानं? सहा डिसेंबर म्हणजे संत निकोलास, आणि डबा परत आला तो दिवस तू लहानपणापासून ऐकत आलीस. मला शंका आली, ती आली. आईला नाही आली. तिनं एवढंच विचारलं, "बोलला तो?" मी म्हटलं, बोलले. ती उठली, कपाटातून काळी फीत काढली आणि इस्त्री करत बसली. फीत पाच वेळा तरी इस्त्री केली असेल. मग म्हणाली, "म्हणजे बाबांनी माझ्या हातचं शेवटपर्यंत खाल्लं." असं तोंड मी तिचं फार वर्षांत पाहिलं नव्हतं. म्हणून मी शंका गिळली. तूही गिळ.

इल्चेवसाहेबांकडे मी आणि आई दोघी गेलो. संचालक झाल्यापासून त्यांनी मिशी ठेवलीये. म्हणाले, "दार संरक्षित आहे. खिळा नाही, गोंद नाही, चिकटपट्टी नाही. आणि बाई, राग मानू नका, मे महिन्यात परदेशी लोक यायला लागतात. हे संग्रहालय आहे, त्यांना दारातच मयत कशाला दाखवायचं?"

"इल्चेव," आई म्हणाली, "तुला मी सातचा पाढा तीन वर्षं शिकवला. माझ्याकडे आता तेवढा वेळ नाही."

शेवटी असं ठरलं, की कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कडीला दोऱ्यानं बांधायचा. दाराला स्पर्श होता कामा नये. फोटोसुद्धा त्यांच्याकडूनच मागून घ्यावा लागला. आपल्याकडे आजोबांचा एकही नाही, आहे तो त्यांच्या भिंतीवर, काचेत, खाली क्रमांक घातलेला.

खालची नावं आईनं सांगितली, मी लिहिली. "मुलगी देस्पा. नात वेलिचका." मग थांबली. मला वाटलं, संपलं. छापखान्यातला माणूस यंत्र सुरू करणार, तेवढ्यात म्हणाली, "आणि नात रायना. आडनाव घालू नको."

ईस्टरनंतरच्या सोमवारी बांधणार आहोत. तू पुलावरून लांबून बघितलंस तरी नाव वाचता येईल, अक्षर मोठं घेतलंय.

वेलिचका


२७ एप्रिल

रायना,

आज ताई लिहिणार नाही.

कागद बांधला त्या दिवशी सगळं गाव येऊन गेलं. आपली माणसं कागद कशी वाचतात ते तुला ठाऊक आहे. आधी फोटो, मग वय मनात मोजायचं, मग नावं, आणि कुणाचं राहिलंय ते बघायचं. तुझं नाव बघून दोन-तीन बायकांनी एकमेकींना कोपर मारलं. म्हातारे टोपी काढून उभे राहिले. आई दोन दिवस इतकी हलकी होती, की तिनं सूपसुद्धा मागून प्यायलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तुझे सासरे खानावळीतून परत जात होते. भर उजेडात, लोकांच्या देखत. गिंकानं खिडकीतून सगळं बघितलं. ते फाटकाशी थांबले, खिशातून चष्मा काढला, वाचलं. चालायला लागले. दहा पावलं गेले आणि परत आले. पुन्हा वाचलं. मग गिंकाच्या खिडकीशी येऊन म्हणाले, "पोरी, जरा पेन दे." तिला वाटलं, कुठं सही वगैरे करायची असेल. त्यांनी पिशवीतून कागद काढला, गुडघ्यावर धरला, सहा डिसेंबरवर रेघ मारली आणि वर लिहिलं, चौदा सप्टेंबर. कागद पुन्हा पिशवीत घातला, पिशवी नीट बांधली, पेन परत दिलं. "देव तुझं भलं करो," म्हणाले आणि पुलाकडे गेले.

साठ वर्षं गप्प राहवलं. मेलेल्या माणसाच्या कागदावर चुकीची तारीख मात्र सोसवली नाही! ही कसली जात आहे रायना, आणि आपणही तीच.

गिंका धावत माझ्याकडे आली. मी म्हटलं, आधी फाडते, दुसरा छापते, आईच्या कानावर जायच्या आत. फाटकाशी पोचले तर आई तिथं उभी. शेजारणीच्या हाताला धरून आली होती, कुणीतरी आधीच सांगितलं होतं. गाव केवढं आपलं!

तिनं कागद वाचला. मी म्हटलं, "आई, म्हातारा चळलाय. त्याच्या मनावर घेऊ नकोस." तिनं मला हातानं गप्प केलं, वर्गात करायची तसं. ती मोजत होती. बाराला नेलं. तेराला पहिला डबा. चौदा सप्टेंबर. आणि डबे गेले संत निकोलासपर्यंत.

मग तिनं मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, जसं कुणी विचारतं की भांडी कुणी घासली. "मग डबा कोण खात होतं?"

 

वेलिचका


१४ मे

तुझं पत्र मिळालं. तर तारीख तूच मनानं टाकली होतीस. ते 'आठवत नाही' म्हणाले आणि भिंतीकडे वळले, आणि तू आईला बरं वाटावं म्हणून संत निकोलास निवडलास. मी तुला शिव्या द्यायला बसले होते. देत नाही. मला शंका होती आणि मी ती बोलले नाही, तेव्हा शिव्या अर्ध्या वाटून घ्याव्या लागतील.

तू विचारलंस, आई कशी आहे. रडत नाही. रडली असती तर मी काही केलं असतं. ती खुर्चीत बसून निरोप म्हणते. एकेक म्हणते आणि थांबते. "मीठ कमी पडलंय. हा मेतोदी. मांसाचं बघा. हाही मेतोदी, हे तर तेव्हाच कळायला हवं होतं, आम्हीच आत्याकडे पडलेल्या, आमच्याकडे बाबा मांस मागणारे नव्हते." आणि 'शाळा सोडू नकोस' याच्याशी येते आणि पुढे जाता येत नाही. काल मला म्हणाली, "वेलिचका, मी कुणाच्या सांगण्यावरून मास्तरीण झाले गं? आत्या मला शिवणकामाला घालणार होती. मी म्हटलं, बाबांनी सांगितलंय. छत्तीस वर्षं रोज सकाळी बाबांचं ऐकतेय म्हणून उठले."

ताई, माणसाचा बाप मारला, ठीक आहे, तो काळ तसा होता असं म्हणणारे म्हणतात. पण मेलेल्या बापाच्या तोंडात शब्द घालून त्याच्या पोरीला वाढवायचं? तिच्याच डब्यातला घास खाता खाता? मला त्यांना पुलाच्या मधोमध गाठून विचारायचं होतं. आईनं जाऊ दिलं नाही. कागदही बदलू देत नाही. "राहू दे तसाच. आता बरोबर आहे." इल्चेव दोनदा म्हणून गेला, खाडाखोड केलेला कागद बरा दिसत नाही.

मृतांच्या शनिवारी तिला फाटकाशी बसून लोकांना शिजवलेला गहू वाटायचाय. हौस म्हणून नाही. बापाचा दिवस कळला, आता त्याच्या नावाचा गहू वाटायला हवा. डॉक्टर नको म्हणतो. कोण ऐकतंय!

सासऱ्यांना त्या दिवशी घरात ठेव. हात जोडून सांगते.

वेलिचका


१ जून

ताई,

तू लिहितेस, शनिवारी बाहेरून आल्यापासून ते कुणाशी बोलत नाहीत, ताट परत पाठवतात, तिथं काय झालं ते सांग. मी सांगते. नंतर तुला त्यांचं काय करायचं ते कर. त्यांना ताप आला तर डॉक्टरला बोलाव, मी त्याच्या आड येणार नाही. आणि तुला आईला भेटायचं असलं तर ये. कडी घालत नाही आम्ही. ती काही म्हणणार नाही, ती आता कुणालाच काही म्हणत नाही.

शुक्रवारी मी गहू शिजवला, अक्रोड घातले, वर साखर दाबली. शनिवारी सकाळी गिंकानं फाटकाशी खुर्ची टाकून दिली. आई बसली, पातेलं मांडीजवळ स्टुलावर, मी पेले धरून बाजूला. लोक येत होते, पेला घेत होते, 'देव त्यांना क्षमा करो' म्हणत होते, दोन दाणे तिथंच तोंडात टाकून पुढे जात होते. दोन परदेशी बायका संग्रहालयात निघाल्या होत्या, त्यांनीही घेतला. त्यांना वाटलं, तिकिटातच असेल.

ते आले. पांढरा सदरा, टोपी हातात. एकटेच. रांग आपोआप बाजूला झाली. मी पातेल्यावर झाकण ठेवायला गेले, आईनं माझं मनगट धरलं. मृताच्या नावाचा गहू कुणाला नाही म्हणता येत नाही, आणि कुणाला नको म्हणता येत नाही. तिनं स्वतः पेला भरला. काठोकाठ.

"देव त्यांना क्षमा करो," ते म्हणाले. पेला हातात धरून उभे.

"खा," आई म्हणाली.

त्यांनी खाल्लं. थोडे दाणे सदऱ्यावर सांडले. त्यांच्या घशात ते अडकावेत अशी मी देवाकडे प्रार्थना केली, तुझ्यापासून कशाला लपवू.

आईनं ते संपेपर्यंत वाट बघितली. मग म्हणाली, "निरोप कुणाचे होते, मेतोदीदादा?"

दादा! आयुष्यात तिच्या तोंडून मी हे ऐकलं नव्हतं. फाटकाशी डबा घेऊन उभी असताना म्हणत असेल तसं म्हणाली.

"माझे," ते म्हणाले.

"शाळेचा?"

"माझा. देस्पा, आम्हाला दिवसाला पावाचा एक तुकडा मिळायचा. मी वीस वर्षांचा होतो, पोटात आग असायची. तू रोज दारात येऊन तोंडाकडे बघायचीस. काहीतरी सांगायला नको का? सांगितलं नसतं तर तू विचारलं असतंस, आणि विचारलं असतंस तर..." पुढे त्यांना सापडेना. "शाळेचं मी मनापासून सांगितलं होतं. मला लहानपणी कुणी तसं सांगितलं नव्हतं."

"सगळेच तुझे?"

 मी बघत होते, त्यांना निघून जायचं होतं, पाय वळलेलेसुद्धा होते. तारखेच्या वेळी झालं तेच पुन्हा झालं. उलटे फिरले.

"एक त्यांचा होता. पहिल्या संध्याकाळचा. तुझा तो पहिला डबा त्यांनी खाल्ला, देस्पा. तो त्यांनीच खाल्ला. सगळा."

"'आवडलं, उद्या पण आण'?" आईचा आवाज इतका लहान झाला होता, की मला खाली वाकावं लागलं.

"नाही. तेही मी सांगितलं." टोपी त्यांनी काखेत धरली. "त्यांना कळलं होतं सकाळी काय होणार ते. डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, 'पोरीला सांग, आता इथं येऊ नकोस. काही झालं तरी या फाटकाशी येऊ नकोस, आईजवळ घरी राहा.' माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मी बाहेर आलो, तू उभी होतीस. ते सांगितलं असतं तर डबा बंद झाला असता."

 गिंका खिडकीत तोंडावर हात धरून उभी. मला वाटलं, आता आई पातेलं त्यांच्या अंगावर फेकेल, किंवा ओरडेल, किंवा तिची छाती भरून येईल आणि तिथंच सगळं संपेल. मी तिचे खांदे धरले.

तिनं विचारलं नाही, सकाळी गोळी कुणी घातली. मी विचारणार होते, तिनं हातानं थांबवलं. कागदाकडे तिनं एकदा बघितलं, तारखेकडे नव्हे, फोटोकडे. मग पातेल्यावर झाकण ठेवलं. पातेल्यात अर्ध्याहून जास्त गहू होता, रांगेत माणसं होती. तुझे सासरे अजून समोर उभे होते, रिकामा पेला दोन्ही हातांत धरून, कुणीतरी तो घेईल म्हणून. आईनं घेतला नाही.

खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ती उठली. माझा दंड धरला.

"चल वेलिचका," म्हणाली. "घरी चल. बाबांनी इथं येऊ नको म्हटलंय."

मी खुर्ची गिंकाला परत दिली आणि आम्ही निघालो.

वेलिचका